नेपल्सचं म्युझियम, हातात दोन-तीन तास : रोमन वस्तूंमध्ये नेमकं काय बघू?

ओटी_सिस्टर_नागपूर

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, सरकारी दवाखान्यातून ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून निवृत्त झालेली. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं ग्रुप टूरने इटलीला जाऊन राहिलो. एका दिवशी सकाळी पॉम्पेई (ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन शहर) आणि दुपारी नेपल्स शहरात 'फ्री टाइम' असं टूरवाल्यांनी छापलंय. बाकीची मंडळी पिझ्झा आणि पर्सच्या दुकानांचं ठरवून बसली आहेत. माझ्या मनात तिथलं पुरातत्त्व संग्रहालय आहे.

अडचणी दोन. डाव्या गुडघ्याची वाटी झिजलेली आहे, सलग उभं राहणं अर्ध्या तासापलीकडे जमत नाही. दुसरी अडचण म्हणजे आमचे मिस्टर. त्यांचं म्हणणं, "फुटक्या मूर्तीच बघायच्या तर विमानात काहून बसायचं? अजब बंगला आहे ना सिव्हिल लाइन्सला." (अजब बंगला म्हणजे आमचं नागपूरचं म्युझियम.) आता काय बोलायचं!

मला रोमन इतिहास शाळेत शिकवला तेवढाच येतो, म्हणजे ज्युलिअस सीझर आणि तो मेला. मोठमोठ्या याद्या नकोत, त्या इंटरनेटवर ढीगभर आहेत. कोणी स्वतः जाऊन आलेलं असेल तर सांगा : दोन-तीन तासांत काय बघण्यासारखं, काय सोडण्यासारखं? आणि जायच्या आधी इथेच काही बघून-वाचून ठेवता येईल का?

तर्रीपोहे_शंकरनगर

काकू, सगळ्यात आधी वार बघा. ते म्युझियम मंगळवारी बंद असतं. आमच्या ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांना दारावरचं कुलूप बघून परत यावं लागलं, टूरवाल्याला विचारलं तर तो खांदे उडवून मोकळा. बाकीच्या दिवशी संध्याकाळी साडेसातपर्यंत उघडं असतं, म्हणजे दुपारी गेलात तरी घाई नाही. मेट्रोचं स्टेशनच 'म्युझिओ' नावाचं आहे, चुकायचं काम नाही.

काकांना सांगा, पॉम्पेईत नुसत्या भिंती आणि रस्ते दिसतात. घरातलं सामान, चित्रं, भांडी, पुतळे, जे काही चांगलं निघालं ते बहुतेक उचलून या म्युझियममध्ये आणलंय. सकाळी रिकामं घर बघायचं आणि सामान न बघताच परत यायचं, हे काही बरोबर नाही बाप्पा.

खुर्दा_महाल

सिस्टर, जा. मुलगी तिकडे नोकरीला असताना मी ते म्युझियम सावकाश बघितलंय. मी नाण्यांचा माणूस. बँकेतून निवृत्त झाल्यापासून महालातल्या घरी अल्बम लावत बसतो. तेव्हा माझं सांगणं एकांगी असणार हे धरूनच वाचा.

आत शिरल्या शिरल्या तळमजल्यावर संगमरवर अंगावर येतो. हा फार्नेसे घराण्याचा संग्रह. यातले दोन सगळ्यात थोर पुतळे रोममधल्या कॅराकल्ला बादशहाच्या स्नानगृहांच्या अवशेषांतून सोळाव्या शतकात निघाले. एक हर्क्युलिस, तीन मीटरहून उंच, गदेवर रेललेला. याच्या पुढून सगळे फोटो काढतात. तुम्ही मागे जा. पाठीशी धरलेल्या हातात त्याने सफरचंदं लपवलीत, आणि दमलेला माणूस पाठीवरूनच जास्त ओळखू येतो. दुसरं म्हणजे बैलाला बांधल्या जाणाऱ्या बाईचं भलंमोठं शिल्प. ते बघा आणि पुढे सरका. बहुतेक लोक इथेच तास घालवतात आणि वर जाईपर्यंत पाय संपतात. तुमच्या गुडघ्याला हा मजला परवडणार नाही. लिफ्ट कुठे आहे ते दारातच विचारून घ्या.

तुमचा मजला मधला, ज्याला ते मेझनाइन म्हणतात. मोझेक (रंगीत खडे जोडून केलेली चित्रं), नाणी आणि 'गुप्त कपाट' ही तिन्ही तिथेच आहेत. मला विचाराल तर तो एकच मजला नीट बघितला तरी तिकीट वसूल.

नाण्यांपासून सुरुवात करतो, कारण तिथे कोणी थांबत नाही. चांदीचा देनारिअस शोधा. आपल्या रुपयाहून लहान, वजन चार ग्रॅमला जरा कमी. ऑगस्टस बादशहाचा एक छाप आहे : एका बाजूला त्याचं डोकं, दुसऱ्या बाजूला दोन पोरं उभी, मध्ये ढाली आणि भाले. हे त्याचे नातू, गायस आणि ल्युसिअस, ज्यांना त्याने दत्तक घेतलं होतं. दोघंही गादीवर बसायच्या आधीच गेले. त्याच्यानंतरच्या टायबेरिअसचा छाप ओळखायला आणखी सोपा, मागे खुर्चीवर बसलेली बाई. हे दोन छाप मुद्दाम सांगतो, कारण दक्षिण भारतात जमिनीतून रोमन चांदीची जी गाडगी निघाली त्यांत याच दोघांची भरमार आहे. नंतरच्या बादशहांची चांदी त्या मानाने नगण्य.

असं का? नीरो बादशहाने इसवी सन 64 मध्ये नाण्याचं वजनही कमी केलं आणि चांदीही. रोममध्ये शिक्क्यावर नाणं चालत होतं, म्हणून तिथे ते खपून गेलं. आपल्याकडचा व्यापारी नाणं घ्यायचा तो धातू म्हणून. हातात घेऊन तोलणाऱ्या माणसाला बादशहाच्या तोंडाशी काय देणंघेणं? काही नाण्यांवर तर राजाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव घातलेला सापडतो. तसे घाव तुम्हाला नेपल्सच्या काचपेटीत दिसणार नाहीत, ते इथल्या नाण्यांवरच दिसतात. सोन्याच्या नाण्यांची आणखी मजा. राजाच्या डोक्यावर दोन बारीक भोकं पाडायची, दोरा ओवायचा आणि गळ्यात घालायचं. ज्यांना सोनं परवडत नव्हतं त्यांच्यासाठी मातीत तोच छाप उठवून, वर कडी काढून लटकन करत. आपल्या तेरला (धाराशिव जिल्हा, जुनं नाव तगर) असली मातीची लटकनं निघालेली आहेत. टायबेरिअसला कोणी सांगितलं असतं की तगरच्या बाया तुझं मातीचं तोंड गळ्यात घालून बाजारात जातात, तर काय म्हणाला असता कोणास ठाऊक.

हा पैसा इकडे येतो म्हणून तिकडे बोंब झाली होती. प्लिनी नावाच्या लेखकाने आपल्या ग्रंथाच्या सहाव्या भागात लिहून ठेवलंय की हिंदुस्थान दर वर्षी आपल्याकडून पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) खेचून नेतो आणि तिथला माल इथे शंभर पटीने विकला जातो. हा प्लिनी नौदलाचा अधिकारी. त्याचं ठाणं नेपल्सच्या आखातातच मिसेनमला होतं. 79 साली व्हेसुव्हिअस ज्वालामुखी फुटला तेव्हा लोकांना वाचवायला जहाजं घेऊन गेला आणि पॉम्पेईजवळच्या स्टाबियाला किनाऱ्यावर मेला. तुम्ही सकाळी जी राख बघून आलेल्या असाल त्याच राखेखाली अशी एक वस्तू गाडली गेली, जी त्याच्या तक्रारीचा जिवंत पुरावा आहे.

ती वस्तू त्या 'गुप्त कपाटात' आहे. मिस्टरांना आधीच कल्पना द्या. पॉम्पेईतली सगळी चावट चित्रं आणि शिल्पं तिथे ठेवलीत. दोनशे वर्षं ते दालन कधी उघडायचं, कधी बंद करायचं असं चाललं होतं. 2000 सालापासून मात्र ते सगळ्यांना खुलं आहे. आमच्या वयाच्या माणसांना तिथे नजर कुठे ठेवावी ते कळत नाही. तुम्ही सरळ हस्तिदंती बाई कुठे आहे ते विचारा. वीतभराहून थोडी उंच. पॉम्पेईच्या मुख्य रस्त्यालगतच्या एका घरात 1938 साली इटालियन उत्खननकार अमेदेओ मायुरी यांना ती सापडली. सगळे तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात.

तिच्याजवळ मी बराच वेळ उभा होतो. हातात कोपराच्या दिशेने चढत गेलेल्या बांगड्या, पायांत तसेच जाडजूड वाळे, कमरेला मेखला, बाकी अंगावर वस्त्र असं काही नाही. एक पाय दुसऱ्या पायावरून तिरका टाकलेला. दोन्ही बाजूंना तिच्या मांडीइतक्या उंचीच्या दोन छोट्या दासी, हातात शृंगाराचे डबे. फिरून मागे जा : केसांची वेणी पाठीवर खाली आलेली कोरली आहे. आणि डोक्यावर बघा, वरून आत एक भोक पाडलंय. म्हणजे नुसती शोभेची मूर्ती नाही, आरशाची मूठ असेल नाहीतर एखाद्या चौरंगाचा पाय. कोण्या रोमन बाईच्या खोलीत आपल्याकडच्या कारागिराचं काम, आणि खालच्या मजल्यावर तो दहा फुटी हर्क्युलिस! मला ही वीतभर बाई जास्त मोठी वाटते.

आता नागपूरचा धागा. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला 1973 साली उत्खनन झालं, नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठाने मिळून केलेलं. आपले शां. भा. देव आणि गुप्ते यांनी. त्यात एक मोडकी हस्तिदंती बाई निघाली, हीच ठेवण, बाजूला तशाच दासी. नेपल्समधली बाई कुठली असेल याची चर्चा जगभर चालू होती, तिला सगळ्यात जवळचं उत्तर आपल्या विद्यापीठाच्या कुदळीखाली सापडलं. मिस्टरांना हे सांगा. अजब बंगल्यात बसून हे दिसणार नाही, आणि नेपल्समध्ये उभ्या असलेल्या शंभरातल्या नव्याण्णव लोकांना हे माहीत नसतं.

खापरवाली

खुर्दाकाका, लिहिलंय सुरेख, पण दोन ठिकाणी ब्रेक लावते. (प्राचीन भारतीय इतिहासात एमए, आमच्याच विद्यापीठातून. उन्हात खापरं धुतलेली आहे, म्हणून हे नाव.)

एक, ती लक्ष्मी असण्याची शक्यता कमी. मायुरींनी लक्ष्मी म्हटलं आणि ते चिकटलं. हातात कमळ नाही, हत्ती नाहीत, शृंगारपेट्या धरलेल्या दासी आहेत. यक्षी किंवा नुसती एक नटलेली स्त्री म्हणणं जास्त सुरक्षित. दोन, ती भोकरदनहूनच गेली असं छातीठोकपणे तिथे कोणाला सांगू नका. मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर कोरलेलं आहे, आणि खरोष्ठी ही गांधाराकडची, वायव्येची लिपी. आपल्याकडे त्या काळात ब्राह्मी. घडवली दख्खनमध्ये आणि फिरत फिरत उत्तरेच्या वाटेने गेली, असं म्हणता येतं. वायव्येतच घडवली, असंही म्हणणारे आहेत. भोकरदन आणि तेर या दोन्ही ठिकाणी त्याच पठडीतल्या बाया मिळाल्यामुळे दख्खनचं पारडं जड आहे, एवढंच.

भोकरदन मात्र लहान गाव समजू नका. तेव्हाचं भोगवर्धन. तिथल्या लोकांनी दिलेल्या दानांचे लेख सांची आणि भारहूतला आहेत. पैठण, तेर, भोगवर्धन या बाजारपेठा एकमेकींशी जोडलेल्या होत्या. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या टिपणांत, म्हणजे पेरिप्लसमध्ये, भडोचहून दक्षिणेला पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला तगर म्हणजे तेर आणखी दहा दिवसांवर, असं लिहिलंय. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून कापड गाड्यांतून भडोचला यायचं, रस्ता नसलेल्या मुलखातून.

जायच्या आधी काय बघता येईल हे सिस्टरांनी विचारलंय, त्याचं उत्तर दोघांनीही दिलं नाही. अजब बंगल्याचं पुरातत्त्व दालन बघाच. काकांना बरोबर न्या, म्हणजे त्यांचंही समाधान. 1863 पासूनचं म्युझियम आहे, सोमवारी बंद. तिथे रोमन शोधू नका, सातवाहन आणि वाकाटक काळ बघा, म्हणजे रोमन जहाजं किनाऱ्याला लागत होती तेव्हा आणि त्यानंतर आपल्याकडे काय चाललं होतं ते डोळ्यांत बसेल. काटोल रोडकडच्या माहुरझरीत दगडी मण्यांचे कारखाने होते. अकीक, कार्नेलियन. शेतात अजूनही मणी सापडतात, पण उचलू नका.

आणि कोल्हापूरला कधी गेलात तर टाउन हॉल म्युझियम. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1944-45 च्या सुमारास काशाच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यातला समुद्रदेव पोसायडन तिथे आहे. पंचगंगेच्या काठी निघालेला रोमन समुद्रदेव. हाताच्या पंजात मावेल एवढा, पण अंगाचा पीळ बघा त्याचा. पुढच्याच वर्षी सांकळिया आणि दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन केलं.

खुर्दा_महाल

खरोष्ठीचं मान्य, ते अक्षर आहेच. पण शिक्का कुठे मारला आणि माल कुठे घडला या दोन गोष्टी वेगळ्या. इतवारीतून निघालेल्या पोत्यावर वाटेतले तीन शिक्के पडतात. माझं मत भोकरदन. तुमचं तुमच्यापाशी.

सिस्टर, एक राहिलं. पॉम्पेईत 'सर्जनचं घर' म्हणून एक घर आहे, अठराव्या शतकात खणलेलं. तिथून शस्त्रक्रियेची हत्यारं निघाली आणि ती याच म्युझियममध्ये आहेत. मला त्यातलं काही कळलं नाही. चिमटे, सळ्या आणि एक स्क्रूचं यंत्र, एवढंच. तुम्हाला कळेल.

डोंबिवली_ते_रोम

इथे नोकरीला आहे म्हणून लिहितो. टूरमध्ये रोमला मोकळा वेळ असेल तर तेर्मिनी स्टेशनला लागूनच पालाझ्झो मास्सिमो हे म्युझियम आहे. तळघरात फक्त नाणी, खुर्दाकाकांनी तिकडेच मुक्काम केला असता. वरच्या मजल्यावर ऑगस्टस बादशहाची बायको लिव्हिया हिच्या घरातली एक अख्खी खोली आणून मांडली आहे, चारही भिंतींवर बाग रंगवलेली. डाळिंबं, लिंबाच्या जातीची फळं, पक्षी. बसायला जागा आहे, गुडघ्याला आराम. सोमवारी बंद.

नेपल्समधलं अलेक्झांडरचं मोझेक (तोच तो इराणच्या दारायुश बादशहाशी लढणारा, 'फॉनचं घर' नावाच्या वाड्यातून 1831 मध्ये निघालेला) 2021 पासून दुरुस्तीला काढलंय आणि काम बरंच लांबलंय. बघायला मिळेल की नाही ते जायच्या आदल्या दिवशी साइटवर तपासा. मिळालं तर बाकी सगळं सोडा आणि त्या घोड्याच्या पाठीकडे बघा, प्रेक्षकाकडे पाठ करून मध्येच वळलेला घोडा आहे. खडे इतके बारीक की दोन पावलं मागे झालात की रंगवलेलं चित्रच वाटतं.

ओटी_सिस्टर_नागपूर

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

हत्यारांचे फोटो काल रात्री बसून बघितले. खुर्दाकाका, ते स्क्रूचं यंत्र म्हणजे स्पेक्युलम, बायकांची आतून तपासणी करायचं हत्यार. तीन पात्यांचा. मूठ फिरवली की तिन्ही पाती सारखी उघडतात. मी सदतिसाव्या वॉर्डात पोरींना जो हातात द्यायची तो दोन पात्यांचा, पण काम तेच, आणि स्क्रूने उघडून तसाच थांबवून ठेवायची कल्पनाही तीच. कॅथेटर (लघवी काढायची नळी) दोन वाकांचा, एसच्या आकाराचा, म्हणजे पुरुषाचा. हे करणाऱ्याला मूत्रमार्ग कसा वळतो ते नेमकं माहीत होतं. तो वाक मनाने काढता येत नाही. सुऱ्यांची काशाची मूठ शाबूत आणि लोखंडाचं पातं गंजून गेलेलं. मला त्या काचपेटीसमोर खुर्ची मिळाली तर मी उठणार नाही.

एकच शंका. काशाची हत्यारं उकळत होते का, की नुसती पुसायचे?

खापरवाली

जंतूंची कल्पना तेव्हा नव्हती, त्यामुळे आपल्या अर्थाने निर्जंतुक करणं नाही. पण सेल्सस नावाच्या रोमन लेखकाच्या पहिल्या शतकातल्या वैद्यकाच्या ग्रंथात जखम व्हिनेगरने धुवायला सांगितलंय, म्हणजे अनुभवाने काहीतरी कळलेलं होतं. हत्यारांचं दालन विचारून घ्या, त्यांची मांडणी अधूनमधून बदलते.

ओटी_सिस्टर_नागपूर

व्हिनेगर चालेल. काही नसण्यापेक्षा बरं.

ठरलं मग. टूरच्या कागदावर नेपल्सचा दिवस गुरुवार निघाला. लिफ्टने मधला मजला, नाणी दहा मिनिटं (काका, रागावू नका, पंधरा), मग ती बाई, लक्ष्मी असो की यक्षी, मग हत्यारं. उरल्या वेळात हर्क्युलिसची पाठ. या रविवारी मिस्टरांना घेऊन अजब बंगल्यात जाऊन येते.

त्यांना मी 'गुप्त कपाटा'चा परिच्छेद वगळून बाकी वाचून दाखवलं होतं. मी स्वयंपाकघरात असताना त्यांनी फोन घेऊन स्वतःच वाचला. आता म्हणतात, एवढ्या लांब जाऊन राहिलो तर म्युझियम बघायलाच पाहिजे, पिझ्झा काय, इथे धरमपेठेतही मिळतो.